गाडीवान कोण, वाटाड्या कोण?

दोंडाईच्याच्या एका शाळेत पेशींतील संदेशवहनावर बोलत होतो. फळ्यावर नेहमीचेच चित्र होते: इन्शुलिन स्नायूपेशीवरील ग्राही प्रथिनाला चिकटते, आत एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे निरोप जातो, शेवटी ग्लूट-४ हे वाहक प्रथिन पृष्ठभागावर येते आणि रक्तातील साखर आत शिरते. एका शिक्षकांनी विचारले, "सर, माझ्या रक्तात इन्शुलिन भरपूर आहे म्हणतात. मग सकाळी उपाशीपोटी साखर जास्त का?"

'पेशी दाद देत नाहीत' हे यावरचे ठरलेले उत्तर. या उत्तरालाच हात घालणारा शोधनिबंध २०२० साली 'पीअर-जे' या संशोधनपत्रिकेत आला. लेखक पुण्याचे मनवा दिवेकर-जोशी आणि मिलिंद वाटवे. त्यांचे म्हणणे असे: जेवणानंतर चढलेली साखर उतरवणे वेगळे आणि ती कुठे स्थिरावेल हे ठरवणे वेगळे. गाडीवान गाडी हाकतो, मुक्काम वाटाड्या ठरवतो. इन्शुलिन गाडीवान आहे. ते वाटाड्या असल्याचा पुरावा नाही.

हा फरक समजायला दोन बादल्या पुरतात. दोन्हींत नळाची बारीक धार सोडा. एकीला तळाशी भोक, दुसरीला बाजूने, निम्म्या उंचीवर. पाणी स्थिरावले की दोन्ही भोके थोडी बुजवा. पहिलीत पाणी चढून नव्याच पातळीला थांबते. दुसरीत तांब्याभर जास्त पाणी ओतले तर ते उतरायला वेळ लागतो, पण थांबते साधारण पूर्वीच्याच पातळीला. ही झाली दोन प्रतिमाने. शरीर कोणत्या बादलीसारखे, हे प्रयोगानेच ठरणार.

१९९८ साली स्नायूंतील इन्शुलिन-ग्राहीचे जनुक काढून टाकलेल्या उंदरांची रक्तशर्करा नेहमीसारखीच आढळली होती. अशा प्रयोगांचे आढावे, बीटा पेशींना इजा केलेल्या उंदरांवरील स्वतःचे प्रयोग, गणित आणि माणसांची आकडेवारी हे सारे लेखकांनी एकत्र तपासले. निबंधाचे बळ यातच आहे.

तरी दोन हरकती आहेत. भोक पूर्णच बुजवले तर दुसरी बादलीही भरून वाहते. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात इन्शुलिन जवळजवळ नसतेच. १९२२ साली ते टोचायला सुरुवात झाली, तेव्हापासून हे रुग्ण जगू लागले. म्हणून 'कमी असणे' आणि 'नसणे' यांचे निष्कर्ष वेगळे ठेवायला हवेत. दुसरे, दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहावरील उपचारांचे यश मर्यादित राहते ते बहुधा याच गैरसमजामुळे, असे लेखक म्हणतात. वाटाड्या कोण हे सिद्ध होण्याआधी ही उडी मोठी आहे. त्यातला 'बहुधा' वाचकाच्या लक्षात राहीलच असे नाही. औषध बंद करायला हा निबंध आधार नव्हे.

त्या शिक्षकांना मी एवढेच सांगितले: गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या. फळ्यावरच्या प्रत्येक बाणाशेजारी मात्र 'किती?', 'किती वेळ?', 'कुठवर?' हे तीन प्रश्न लिहा. आणि पुढच्या तासाला दोन बादल्या घेऊन जा.