‘अस्तु’ : दाखवलेले आणि सांगायचे राहिलेले

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ (२०१३) हा चित्रपट पालकसभेत जरूर दाखवावा, असे आम्हांस वाटते. अल्झायमर झालेले संस्कृत पंडित चक्रपाणी शास्त्री (मोहन आगाशे) हत्तीमागे निघून जातात. ताजे पुसले जाते, जुने पाठांतर टिकते. हा क्रम चित्रपटाने अचूक पकडला आहे.

मात्र शास्त्रींचे हरवणे क्षणात घडते. त्यामुळे हा आजार असाच अचानक उसळतो, अशी समजूत होण्याचा धोका आहे. प्रत्यक्षात तो महिन्या-वर्षांच्या गतीने वाढतो. कालपर्यंत माणसे ओळखणारे आजोबा आज बरळू लागले किंवा गुंगीत पडून राहिले, तर तो बहुधा आजाराचा पुढचा टप्पा नसतो. जुनी माणसे याला ‘वात झाला’ म्हणत. वैद्यकात तो डेलिरियम. मूत्रमार्गाचा संसर्ग, शरीरातले पाणी घटणे, बद्धकोष्ठता, नवे औषध ही त्याची नेहमीची कारणे. वृद्धांत संसर्ग असूनही ताप नसू शकतो. कारण वेळीच सापडले तर पुष्कळदा उतार पडतो. ‘वयच झाले’ म्हणून सोडले तर जिवावर बेतू शकते.

शॅरन इनोये व सहकाऱ्यांनी १९९० मध्ये मांडलेल्या तपासणीत पहिला मुद्दाच हा : बदल अचानक झाला का, आणि तो कमी-जास्त होतो का? याचे उत्तर घरच्यांपाशीच असते.

हे सांगणे चित्रपटाचे काम नव्हे. तो दाखवणाऱ्या शिक्षकाने मात्र शेवटी पाच मिनिटे त्यासाठी राखावीत.