घंटा कुणासाठी, कुणापायी

स्पॅनिश शिकणाऱ्या प्रत्येकाच्या वहीत एक कोष्टक असतं. डावीकडे 'पोर' : कारण, मोबदला, मार्ग, ऐवजी. उजवीकडे 'पारा' : हेतू, मुदत, दिशा, ज्याला द्यायचं तो. इंग्रजीत यातल्या बऱ्याच ठिकाणी एकच 'फॉर' येतो, म्हणून सगळा घोळ. मलाही कोष्टक पाठ होतं. तरी हेमिंग्वेच्या 'फॉर हूम द बेल टोल्स'चं नाव स्पॅनिशमध्ये करताना मी 'पारा किएन' लिहिलं आणि त्यावर लाल रेघ आली. बरोबर उत्तर : 'पोर किएन दोब्लान लास काम्पानास'.

चूक मान्य. पण ती का चूक आहे, हे कोष्टक सांगत नाही. ते फक्त खाने दाखवतं.

आपण स्पॅनिश इंग्रजीतून शिकतो, इथेच पहिली गफलत होते. मराठी कान लावून बघा. 'तुझ्यासाठी साडी आणली' यात 'तू' कृतीच्या पुढे उभी आहेस. साडी तुझ्यापर्यंत पोचायची आहे. हा 'पारा'. 'तुझ्यासाठी बोलणी खाल्ली' यात 'तू' कृतीच्या मागे आहेस. इथे आपण सहज 'तुझ्यापायी', 'तुझ्याखातर' म्हणू. हा 'पोर'. भावासाठी काम करतो, हे 'पारा'ने म्हटलं तर भाऊ मालक असू शकतो. 'पोर'ने म्हटलं तर भाऊ आजारी असेल आणि मी त्याच्या जागी उभा असेन. पुस्तक 'शंभर पेसोंना' घेतलं, यातला 'ना'सुद्धा 'पोर'च. म्हणजे हे भेद आपल्या भाषेत आहेत, फक्त वेगवेगळ्या शब्दांत विखुरलेले. इंग्रजीच्या 'फॉर'मधून गाळून घेताना आपण ते हरवतो आणि मग कोष्टकात शोधत बसतो.

आता ती घंटा. हेमिंग्वेच्या 1940च्या कादंबरीचं नाव जॉन डनच्या 1624च्या गद्य चिंतनातून आलं आहे. स्वतः आजारी असताना डन मृत्यूची घंटा ऐकतो. ती दुसऱ्या कुणाच्या मरणाची असली तरी ऐकणाऱ्याचीही आहे, हा त्याचा मुद्दा. तो सगळा मुद्दा एका 'फॉर'वर तोललेला आहे. घंटा कुणाच्या मरणापायी वाजते आणि कुणाला ऐकू जावी म्हणून वाजते, हे दोन्ही प्रश्न त्या शब्दात एकत्र नांदतात. स्पॅनिशला मात्र निवड करावी लागते. 'पोर' घेतला की मेलेला माणूस ठळक होतो, ऐकणारा मागे सरतो. म्हणजे माझ्या चुकीच्या 'पारा'त डनचा अर्धा अर्थ होता.

तरीही कादंबरीसाठी 'पोर'च योग्य, असं मला वाटतं. स्पेनच्या यादवी युद्धात अमेरिकन रॉबर्ट जॉर्डन डोंगरात येतो तो पूल उडवण्यासाठी. तो झाला 'पारा' : ठरलेलं काम, ठरलेली वेळ. पण तो प्रजासत्ताकासाठी लढतो, आणि स्पॅनिशमध्ये लढणं 'पोर'नेच होतं. पूल पाडून हे युद्ध जिंकता येईल का, ही शंका कादंबरीभर सोबत असते. हेतू डळमळतो तेव्हा माणूस ज्याच्यापायी उभा राहतो, तेवढंच उरतं. स्पॅनिश नाव नेमकं तिथे बोट ठेवतं.

उलट उदाहरण गार्सिया मार्केसचं. 2002 साली आलेल्या त्याच्या आठवणींचं नाव 'बिबिर पारा कोन्तार्ला', म्हणजे जगायचं ते सांगण्यासाठी. इथे 'पोर' घातला तर 'सांगण्यापायी जगणं' असं काहीतरी होईल; सांगणं हे जगण्यामागचं कारण बनेल. 'पारा'मुळे ते पुढे राहतं, जिथे पोचायचं आहे तिथे.

म्हणून कोष्टक फाडू नका, पण त्यावर थांबूही नका. वाक्य अडलं की एवढंच विचारा : ज्याचं नाव घेतोय तो या कृतीच्या मागे आहे की पुढे? कधीकधी तो दोन्हीकडे असतो. अशा वेळी स्पॅनिश एक बाजू घ्यायला लावते. आपलं 'साठी' दोन्ही बाजू धरून ठेवतं. 'घंटा कुणासाठी वाजते?' असं मराठीत विचारलं तर डनचा प्रश्न अख्खा शाबूत राहतो. त्या लाल रेघेपायी मला हे कळलं. हो, 'पायी'च.