चेलो कुणाच्या बापाचा?

जयंतीच्या तयारीची बैठक आटोपली, वर्गणीचा हिशेब झाला, आणि एका पोरानं फोनवर एक गाणं लावलं. एक काळा तरुण. गुडघ्यांत धरलेला चेलो, म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ. गळ्यातून निघणारा आवाज घोगरा, खोल, दगडावर दगड घासावा तसा. दोन मिनिटांत बैठकीचे दोन तट पडले. एकजण म्हणाला, लई भारी. दुसरा म्हणाला, भारी काय त्यात? वाद्य गोऱ्यांचं, सभागृह गोऱ्यांचं, टाळ्याही गोऱ्यांच्याच. तिथं आपला माणूस गेला काय अन् न गेला काय!

दुसऱ्याचं बोलणं मला लागलं. कारण ते अर्धं खरं आहे.

ह्या तरुणाचं नाव आबेल सेलाओच्वे. चेलो वाजवतो, गातो, स्वतःच्या रचना करतो. जन्म १९९२चा, दक्षिण आफ्रिकेतल्या सेबोकेंगचा. सेबोकेंग म्हणजे गोरेशाहीनं वसवलेली काळ्यांची वस्ती. शेजारच्या पोलाद कारखान्याला काळे हात पाहिजेत, पण त्या हातांचा शेजार नको. गावकुस कळणाऱ्याला ही रचना वेगळी सांगायला नको. जवळच शार्पव्हिल. तिथं २१ मार्च १९६० रोजी पासच्या कायद्याविरुद्ध जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या चालवल्या, ६९ माणसं मारली. ३ सप्टेंबर १९८४ला भाडेवाढीविरुद्ध ह्याच पट्ट्यात उठाव पेटला, त्यात सेबोकेंगही पेटलं. सगळ्यांना मत असलेली पहिली निवडणूक १९९४ला झाली, तेव्हा आबेल दोन वर्षांचा होता.

थोरला भाऊ बासून नावाचं फुंकवाद्य वाजवायचा. त्याच्या मागं मागं धाकटा सोवेटोतल्या शनिवारच्या संगीतवर्गाला जायला लागला. मग जोहान्सबर्गच्या सेंट जॉन्स कॉलेज ह्या श्रीमंतांच्या शाळेत शिष्यवृत्ती. मग इंग्लंड, मँचेस्टरचं रॉयल नॉर्दर्न कॉलेज ऑफ म्युझिक. वर्तमानपत्रांना ही गोष्ट फार आवडते. वस्तीतला पोरगा, कष्ट, शिष्यवृत्ती, टाळ्या. अशा गोष्टीत शिष्यवृत्ती देणारा फुकटात थोर ठरतो. ज्यांना मिळाली नाही ती पोरं कुठं गेली, हे कुणी विचारत नाही. म्हणून ती गोष्ट मी इथंच सोडतो. आपल्याला बघायचंय ते त्यानं वाद्याचं काय केलं.

चेलोला चार तारा. त्या गजानं घासायच्या, नाहीतर बोटानं छेडायच्या. युरोपातल्या शिस्तीत वादक तोंड मिटून बसतो, अंग आवरून, जणू शरीर ही अडचण आहे. आबेल तोंड मिटत नाही. गज तारेवर चालू असतानाच गातो, जिभेनं टाळूवर टकटक करतो, पाय आपटतो, लाकडावर थाप मारतो. आणि तो घोगरा आवाज? तो चमत्कार नव्हे. खोसा बायकांची एक जुनी गायकी आहे, एकाच गळ्यातून खाली गुरगुर आणि वर शिटीसारखा बारीक सूर, दोन्ही एका वेळी. तिच्याशी नातं सांगणारा हा आवाज. म्हणजे ज्या बायकांना कुठल्या संगीतशाळेनं दारात उभं केलं नसतं, त्यांचा गळा चेलोच्या बरोबरीनं मंचावर आला. मागं साथीला नव्हे, पुढं.

आणखी एक. खोसांकडं उम्रुबे नावाचं वाद्य आहे. धनुष्यासारखं लाकूड, एक तार. ते तोंडाशी धरायचं आणि काडीनं घासायचं. तार घासून सूर काढणं ही युरोपची एकट्याची मिरास नव्हती. चेलो काळ्या माणसाच्या हातात आला तेव्हा तो परका पाहुणा नव्हता. दूरचा भाऊबंद होता. गोऱ्यांचं वाद्य म्हणणाऱ्या दोस्तानं हे ध्यानात घ्यावं.

बाबासाहेब व्हायोलिन शिकत होते, हे आपण अभिमानानं सांगतो. पण त्या माणसाला त्या तारांत काय शोधायचं होतं, ह्यावर आपण किती बोललो? हलगी आपण सोडली, बरोबर सोडली; ती वेठ होती. पण वेठ सोडली म्हणजे ठेकाही सोडायचा का, हा प्रश्न आपल्या जलशांत अजून भिजत पडलाय. आबेलनं त्याच्यापुरतं उत्तर दिलं. नाकारलेलं वाद्यही घेतलं आणि हिणवलेला गळाही सोडला नाही.

त्याची कामगिरी थोडक्यात. चेसाबा हे तिघांचं वाद्यपथक. मँचेस्टर कलेक्टिव्ह ह्या गटाबरोबरचे प्रयोग. ऑगस्ट २०२१ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलात प्रॉम्सच्या महोत्सवात कार्यक्रम, सोबत मोरोक्कोच्या ग्नावा परंपरेचे वादक. (ग्नावा हे गुलामांच्या वंशजांचं संगीत. व्हिक्टोरिया राणीच्या नवऱ्याच्या नावाच्या हॉलात ते वाजलं, ह्याची गंमत मला वाटली.) ‘फोर स्पिरिट्स’ हा चेलो आणि वाद्यवृंदाचा कॉन्चेर्तो. २०२२ला पहिला अल्बम ‘हाए के काए’, म्हणजे ‘घर कुठं आहे’. २०२५ला दुसरा, ‘हिम्स ऑफ बांटू’.

पहिल्या अल्बमात त्यानं एक खोडी केली आहे. स्वतःच्या गाण्यांच्या मध्ये बाखचे साराबांद वाजवलेत. साराबांद आज अभिजात, संथ, दरबारी. पण हा नाच मुळात उंडगा. त्याच्या जुन्या नोंदी स्पॅनिश अमेरिकेतल्या, सोळाव्या शतकातल्या. स्पेनमध्ये तो अश्लील ठरला आणि १५८३ला त्याच्यावर बंदी आली. पुढं फ्रान्सच्या दरबारानं त्याला आंघोळ घातली, पावडर लावली. खालच्यांचं उचलायचं, धुवून घ्यायचं, मग खालच्यांनाच आत येऊ द्यायचं नाही, हा धंदा एकट्या आपल्या देशातला नाही. आबेलच्या गाण्यानंतर तो साराबांद ऐकला की त्यातला नाच पुन्हा ऐकू येतो.

आता भांडण. अल्बमातलं पहिलंच गाणं ‘इबुयिले आफ्रिका’. अर्थ, आफ्रिका परत आली. लढ्याची घोषणा होती ‘मायिबुये’, म्हणजे परत येऊ दे. मागणी होती ती. आबेल म्हणतो, आली. कुठं आली बाबा? २०१७च्या तिथल्या सरकारी जमीन-तपासणीत व्यक्तींच्या मालकीच्या शेतजमिनीपैकी ७२ टक्के जमीन गोऱ्यांकडं निघाली. सुरात आली असेल, सातबाऱ्यावर नाही आली. इथं त्याचं संगीत मला सैल वाटतं. पूर्वज, आशीर्वाद, सगळ्यांची एकी असं गोड बोलणं सुरू झालं की लंडनचा श्रोता खूष होऊन घरी जातो. त्याला काहीच द्यावं लागत नाही. कार्यक्रमात आबेल सगळ्या सभागृहाला गायला लावतो. गातातही लोक. पण सेबोकेंगचा १९८४ त्या सामूहिक गाण्यात मला ऐकू येत नाही. राग गेला कुठं, हे विचारायचा हक्क आपल्याला आहे. त्याच्यावर प्रेम आहे म्हणून आहे.

मात्र दुसऱ्या अल्बमाच्या नावानं मला अडवलं. बांटू. त्या भाषांमध्ये ह्याचा अर्थ माणसं, एवढाच. गोऱ्या सरकारनं तो शब्द उचलला आणि शिक्क्यासारखा मारला. १९५३चा बांटू शिक्षण कायदा काळ्या पोरांना मजुरीपुरतं शिकवण्यासाठी होता. बांटूस्तान म्हणजे माणसं कोंडायचे तुकडे. ‘माणूस’ हा शब्दच शिवी झाला. म्हणून लढणाऱ्यांनी तो टाकला, ब्लॅक हा शब्द घेतला. आणि तो शब्द ताठ मानेनं लावणाऱ्या स्टीव्ह बिकोचं पाळण्यातलं नाव काय, तर बांटू. बांटू स्टीफन बिको. १२ सप्टेंबर १९७७ला पोलिसांच्या कोठडीतल्या मारानं मेला.

आबेलनं तो शब्द पथकालाही लावला, अल्बमालाही. शिक्का खरवडून खालचा अर्थ वर काढला. आपल्याला ‘दलित’ शब्दावरून किती वर्षं भांडायला लागतंय, ते आठवा. ज्याला मी एकीचं गोड बोलणं म्हटलं, त्यात हे एक काम तरी गोड नाही. राग असा शब्दातही मुरलेला असू शकतो, हे मला मान्य करावं लागतं. पूर्ण समाधान झालं, असं मात्र म्हणणार नाही.

त्या संध्याकाळी दुसऱ्या दोस्ताला मी ‘का बोहालेंग’ लावायला सांगितलं. सेसोथो भाषेत एक म्हण आहे, लेकराची आई सुरी पात्याकडून धरते. नाव त्या म्हणीतलं. बोहालेंग म्हणजे धारेची बाजू. गाणं पळतं आहे, ठेका चढत जातो, चेलो गात नाही, चावतो. म्हणीचा अर्थ मी त्याला आधी सांगितला नव्हता. गाणं संपल्यावर सांगितला. तो काही बोलला नाही. फोन हातात घेऊन त्यानं ते पुन्हा पहिल्यापासून लावलं.