गुलामगिरी चूक, असं म्हणणारा गुलामगिरीचा कायदा

वॉशिंग्टनमध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या सभागृहात 23 कायदेकारांची संगमरवरी शिल्पं आहेत. त्यांत तेराव्या शतकातला एक स्पॅनिश राजा आहे, कास्तीलचा दहावा अल्फोन्सो. 1256 ते 1265 च्या सुमारास त्याने एक प्रचंड कायदेग्रंथ रचून घेतला, ‘सिएते पार्तिदास’, म्हणजे ‘सात भाग’. सातही भागांची पहिली अक्षरं जोडली की राजाचंच नाव तयार होतं. (प्रोग्रामर लोक कोडमध्ये नाव लपवतात, तसंच काहीसं.)

या ग्रंथाचं कौतुक बहुतेक वेळा त्याच्या आयुष्यावरून होतं. कास्तीलमध्ये 1348 साली त्याला पूरक कायद्याचा दर्जा मिळाला, मग स्पेनच्या जहाजांबरोबर तो मेक्सिको, पेरू, फिलिपिन्सला पोचला. 1820 मध्ये अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात ‘अजून लागू असलेल्या’ भागांचं इंग्रजी भाषांतर छापावं लागलं. हे सगळं खरं आहे. पण एखादं कोड खूप वर्षं चालतंय म्हणजे ते चांगलं आहे, असं माझ्या धंद्यात तरी कुणी म्हणत नाही.

मी सॅम्युअल स्कॉट यांच्या 1931 च्या इंग्रजी भाषांतरातून चौथा भाग वाचला. हा ग्रंथ नुसता हुकूम सोडत नाही. आधी व्याख्या देतो, मग कारण सांगतो. त्यामुळे तो वाचनीय आहे, आणि त्यामुळेच अडचणीत येतो. गुलामीच्या प्रकरणात तो सुरुवातीलाच सांगतो की माणसं मुळात स्वतंत्र होती, गुलामी निसर्गाच्या विरुद्ध आहे. वाचताना क्षणभर थांबायला होतं. आणि लगेच पुढचा नियम: आई गुलाम असेल तर मूलही गुलाम. अटलांटिकपलीकडे याच नियमाने पिढ्यान्‌पिढ्या बांधून ठेवल्या.

फ्रँक टॅननबाउम या इतिहासकाराने 1946 मध्ये ‘स्लेव्ह अँड सिटिझन’ या पुस्तकात मांडलं, की या परंपरेमुळे स्पॅनिश वसाहतींत गुलामाला माणूस म्हणून मान्यता राहिली. त्याला आधार आहे. ग्रंथ गुलामाला लग्नाचा हक्क देतो. मालकाने दासीला वेश्याव्यवसायाला लावलं तर ती स्वतंत्र होते, असंही त्यात आहे. तरी मला हा युक्तिवाद अर्धवट वाटतो. कारण क्युबाच्या उसाच्या मळ्यांवर हाच वारसा होता आणि तिथे गुलामगिरी 1886 पर्यंत टिकली. मालक, न्यायाधीश, राजा, कुणालाच ‘निसर्गाविरुद्ध’ हा शब्द इतकी शतकं टोचला नाही.

टॅननबाउम कायद्याच्या पुस्तकाकडे फार बघतात, ते पुस्तक हातात घेऊन कोर्टात जाणाऱ्यांकडे कमी. क्युबात गुलाम स्वतःची किंमत ठरवून घ्यायचे आणि ती हप्त्याहप्त्याने फेडून सुटायचे. याला ‘कोआर्तासिओन’ म्हणत. ही पद्धत ‘पार्तिदास’मध्ये सापडत नाही. गुलामांनी मालकांशी घासाघीस करून, अधिकाऱ्यांकडे दाद मागून ती रुजवली, आणि सरकारी नियमावलीत ती आली 1842 मध्ये.

प्रतिनिधिगृहाच्या भिंतीवर मात्र शिल्प राजाचं आहे.