सामुदायिक महाविद्यालयाची कल्पना आणि सातारा-सांगलीचा परिसर : एक चिकित्सा

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३-१४ मध्ये सामुदायिक महाविद्यालयांची योजना हाती घेतली, तेव्हापासून 'कम्युनिटी कॉलेज' ही संज्ञा आपल्या शैक्षणिक चर्चेत रुळली आहे. संज्ञा रुळली, म्हणजे तिच्यामागील कल्पनाही आपण आत्मसात केली असे मात्र होत नाही. प्रस्तुत लेखात त्या कल्पनेची चिकित्सा सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या संदर्भात करण्याचे योजिले आहे. त्यासाठी कुटुंबविज्ञान, अर्थव्यवहार, फ्रेंच भाषा आणि अग्निशास्त्र हे चार विषय घेतले आहेत.

या निवडीमागील कारण सांगणे अगत्याचे आहे. अमेरिकेतील अशा महाविद्यालयांच्या अभ्यासक्रम-सूचीत हे चार विषय पुष्कळदा शेजारी-शेजारी आढळतात. त्यांच्यात काही आंतरिक नाते आहे म्हणून नव्हे. इंग्रजीत त्या चारही नावांचे आद्याक्षर एकच आहे, एवढेच. मराठी वर्णक्रम लावताच ही मांडणी विस्कटते. यातून जो प्रश्न उद्भवतो तो मात्र क्षुल्लक नाही : एखाद्या परिसराच्या अभ्यासक्रमात कोणते विषय कोणत्या नात्याने एकत्र यावेत, हे ठरवावयाचे कोणी आणि कोणत्या तत्त्वावर?

इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ मध्ये दोन वर्षांच्या सार्वजनिक महाविद्यालयाचा प्रारंभ झाला. १९४७ मध्ये अध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने 'सामुदायिक महाविद्यालय' या नावाचा पुरस्कार केला, तेव्हा त्या नावात समाजाची सर्वांगीण गरज अभिप्रेत होती. आपल्या योजनेत सामान्य शिक्षणास चाळीस टक्के आणि कौशल्यशिक्षणास साठ टक्के श्रेयांक, स्थानिक उद्योगांशी सहकार्य आणि टप्प्याटप्प्याने बाहेर पडण्याची मुभा ही प्रमुख कलमे आली. ती उपयुक्त आहेत, याविषयी दुमत नाही. परंतु 'स्थानिक गरज' या पदाचा अर्थ येथे बहुतांशी 'नोकरी देणाऱ्याची गरज' असा झाला, आणि जो समाज नोकरी देत नाही पण जगतो, कर्ज काढतो, मुले वाढवितो आणि संकटात सापडतो, तो अभ्यासक्रमाबाहेर राहिला. माझा मुख्य आक्षेप हाच आहे.

हा आक्षेप कल्पनाविलास नव्हे, याची साक्ष साताऱ्याचा शैक्षणिक इतिहासच देतो. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली. १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह सुरू झाले आणि १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्यास छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. निरनिराळ्या जातींची मुले तेथे एकत्र राहत, एका पंक्तीस जेवत आणि अंगमेहनत करीत. १९४७ मध्ये निघालेल्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात 'कमवा आणि शिका' हे तत्त्व उच्च शिक्षणापर्यंत पोचले. किर्लोस्करांचे नांगर गावोगाव खपविण्याचे काम भाऊरावांनी पूर्वी केले होते. उद्योग आणि शेती यांचा संबंध त्यांना ठाऊक होता. तथापि त्यांच्या योजनेत श्रम हे शिक्षणाचे साधन होते. आजच्या योजनेत शिक्षण हे श्रमाच्या बाजाराचे साधन झाले आहे. शब्दांची ही अदलाबदल लहान दिसते. तिचे परिणाम लहान नाहीत.

आता विषयवार विचार करू. कुटुंबविज्ञान हा विषय आपल्याकडे 'गृहशास्त्र' या नावाने आला आणि पाककला, शिवण व गृहसजावट यांत बराचसा अडकून पडला. उलटपक्षी या परिसरातील कुटुंबसंस्थेपुढील प्रश्न किती गंभीर आहे ते पाहावे. २०११ च्या जनगणनेत सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या नऊशेहून कमी भरली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात साताऱ्यास एका समारंभात 'नकुशा' हे नाव वागविणाऱ्या २८० हून अधिक मुलींना नवी नावे देण्यात आली. मार्च २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यातील म्हैसाळ येथे ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले. गर्भलिंगनिदानास प्रतिबंध करणारा कायदा १९९४ चा आहे. म्हणजे कायद्याच्या अभावाने हे घडले असे म्हणता येत नाही. वारसा, हुंडा, जमिनीची वाटणी आणि वार्धक्याची चिंता यांचा जो गुंता 'नकुशा' या एका नावात सामावला आहे, तो उलगडणे हे कुटुंबविज्ञानाचे खरे कार्य होय. भाऊरावांच्या वसतिगृहातील मुलांसाठी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने मोडले, ही हकीकत आपण त्याग म्हणून सांगतो. घरातील स्त्रीचे धन आणि श्रम सार्वजनिक कार्यास कसे लागतात आणि त्याची नोंद कोणत्या हिशेबात होते, हा प्रश्न मात्र त्या हकीकतीवरून आपण क्वचितच विचारतो.

अर्थव्यवहाराची स्थिती वरवर पाहता अधिक समाधानकारक आहे. वाणिज्य महाविद्यालये दोन्ही शहरांत आहेत. साताऱ्याच्या महाविद्यालयास तर सहकाराचे थोर अभ्यासक धनंजयराव गाडगीळ यांचे नाव आहे. परंतु परिसराच्या अनुभवातून अभ्यासक्रम घडला आहे काय? सांगलीनजीक हरिपूर येथील पेवांत हळद साठविण्याची पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. जमिनीखालील ते कोठार म्हणजे साठवण, पत आणि भावाची प्रतीक्षा यांची एकत्र व्यवस्था होती. २००५ च्या महापुराने त्यांतील पुष्कळ पेवे निकामी केली. जोखीम म्हणजे काय, हे शिकविण्यास याहून बोलके उदाहरण कोठे मिळणार? तसेच डिसेंबर २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने कराड जनता सहकारी बँकेचा परवाना रद्द केला. ठेवीवरील विम्याची मर्यादा त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत एक लाखावरून पाच लाखांवर गेली होती. म्हणून बहुसंख्य ठेवीदारांची पूर्ण रक्कम विम्याच्या कक्षेत आली. हीच घटना वर्षभर आधी घडती तर अनेक घरांतील विवाह, औषधोपचार आणि शिक्षण यांचे गणित कोलमडले असते. सहकारी बँकेच्या सभासदाने ताळेबंद वाचावा कसा आणि वार्षिक सभेत प्रश्न विचारावा कसा, हे शिकविणारा अभ्यासक्रम लेखापालाच्या नोकरीस उपयोगी पडेल अथवा न पडेल. परिसरास तो निश्चित हवा आहे.

फ्रेंच भाषेचे समर्थन सामान्यतः पर्यटन आणि निर्यात यांच्या आधारे केले जाते. ते दुबळे आहे. तासगावच्या बेदाण्याचा अथवा द्राक्षांचा परदेशी व्यवहार इंग्रजीत चालू शकतो. परंतु एवढ्यावरून फ्रेंच हा येथे निव्वळ अलंकार आहे असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. ज्ञानेश्वरांची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात प्रवेश करते आणि लोणंद, तरडगाव, फलटण या मार्गाने पुढे जाते. त्या वारीचा आणि विठ्ठल-संप्रदायाचा साक्षेपी अभ्यास ज्यांनी केला, त्यांत गी दलरी हे फ्रेंच अभ्यासक अग्रगण्य आहेत. त्यांनी तुकारामांचे अभंग फ्रेंचमध्ये नेले आणि १९६० मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजने त्यांचा विठोबाविषयीचा प्रबंध प्रसिद्ध केला. पुढे गी प्वातवँ यांनी हेमा राईरकर यांच्यासमवेत जात्यावरच्या ओव्यांचा प्रचंड संग्रह सिद्ध केला. आपल्याच संस्कृतीविषयी फ्रेंचमध्ये झालेले लेखन आपला पदव्युत्तर विद्यार्थी इंग्रजीच्या मध्यस्थीने वाचतो, किंवा वाचतच नाही. ही उणीव भरून काढण्यास संभाषणाचे पाठ नकोत, वाचनाचा अभ्यासक्रम हवा. त्या चाळीस टक्के सामान्य शिक्षणास काही अर्थ द्यावयाचा असेल, तर तो अशाच ठिकाणी देता येईल.

अग्निशास्त्राचा विषय आपल्याकडे सर्वांत उपेक्षित आहे. नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालयाची परंपरा १९५६ पासूनची आहे. पण तेथील शिक्षण व्यावसायिक अधिकाऱ्यांसाठी. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याने इमारतींतील यंत्रणा परवानाधारक संस्थेकडून बसवून घेणे आणि तिच्या सुस्थितीचा दाखला वर्षातून दोनदा देणे बंधनकारक केले, त्यामुळे तंत्रज्ञांची मागणी निर्माण झाली. सातारा जिल्ह्यातील अग्नी मात्र मुख्यतः इमारतीत राहत नाही. तो उसाच्या पाचटात असतो, डोंगरावरील वणव्यात असतो, यात्रेतील दुकानांत असतो. २५ जानेवारी २००५ रोजी वाई तालुक्यातील मांढरदेवी येथे पौषी यात्रेत अरुंद चढावर चेंगराचेंगरी झाली, दुकानांना आग लागली, सिलिंडर फुटले आणि सुमारे तीनशे माणसे प्राणास मुकली. तेथे कमतरता केवळ पाण्याच्या बंबाची नव्हती. वाट किती रुंद असावी, दुकाने किती अंतरावर असावीत, गर्दी कोठे थोपवावी, या ज्ञानाची होती. हे ज्ञान देवस्थानाच्या विश्वस्तास, ग्रामसेवकास आणि दुकानदारास हवे. यांपैकी कोणीही नोकरीच्या शोधात प्रवेश घेणारा विद्यार्थी नव्हे.

यावर असा प्रतिवाद संभवतो की, गरीब विद्यार्थ्यास प्रथम उपजीविका हवी. समाजाच्या गरजांचा भार त्याच्या शिरावर कशाला? हा प्रतिवाद गंभीर आहे आणि त्यातील करुणा खरी आहे. दुष्काळी माण-खटाव किंवा जत-आटपाडीतून आलेल्या तरुणास प्रमाणपत्रानंतर काम मिळाले नाही, तर आपली सारी चिकित्सा व्यर्थ होय. परंतु वरील उदाहरणे पुन्हा पाहिली तर उपजीविका आणि समाजगरज यांत विरोध दिसत नाही. यात्रेची सुरक्षा पाहणारा, पतसंस्थेचे हिशेब तपासणारा, कुटुंबांना सल्ला देणारा माणूस ही कामेच आहेत. त्यांस वेतन देणारा मालक एखादा कारखाना नसून ग्रामपंचायत, देवस्थान अथवा सहकारी संस्था असेल, इतकेच. सामंजस्य-करार उद्योगाशी होतो, तसा या संस्थांशी का होऊ नये?

सारांश, सामुदायिक महाविद्यालयाची कल्पना त्याज्य नाही. तिच्यातील 'समुदाय' या पदाची व्याख्या अपुरी आहे. ती पुरी करण्याचे कार्य आयोगाच्या परिपत्रकाने होणार नाही. आपल्या विभागांतील पदव्युत्तर प्रबंधांसाठी पेवे, पतसंस्था, यात्रा आणि वसतिगृहे हे विषय घेऊन तालुकावार सामग्री जमविली, तर अभ्यासक्रम मंडळांपुढे ठेवण्याजोगे काही आपल्या हाती येईल. ते काम कष्टाचे आहे, आणि ते आपल्या विभागांनी अंगावर घेण्यासारखे आहे.