राजकन्या सापडल्यावर

जुन्या प्लॅटफॉर्म गेमच्या शेवटच्या पडद्याबद्दल एक तक्रार कायम ऐकू येते: तासन्‌तास उड्या मारून खेळाडू शेवट गाठतो आणि पदरात पडते काय, तर काळा पडदा आणि दोन ओळींचे अभिनंदन. तक्रार खोटी नाही. ‘घोस्ट्स एन गॉब्लिन्स’ची निंटेंडोच्या एनईएसवरची आवृत्ती तर शेवटाला पोहोचलेल्याला ‘हा सैतानाचा भ्रम होता’ असे सांगून पुन्हा पहिल्यापासून जुंपते, आणि दुसऱ्या फेरीनंतर मोडक्या इंग्रजीत शाबासकी देऊन मोकळी होते. पण सगळेच शेवट या एका मापाने मोजले की चित्राचा देखणेपणा तेवढा मोजला जातो. खेळभर डोळ्यांना आणि अंगठ्याला सवयीची झालेली एखादी गोष्ट शेवटी बदललेली दिसली, की तो शेवट लागू पडतो. बाहेरून आणून चिकटवलेले सुंदर चित्र बहुधा लागू पडत नाही, असे माझे म्हणणे आहे.

‘सुपर मारिओ ब्रदर्स’ (१९८५) पाहा. सात किल्ल्यांत खलनायक बाऊझरला हरवल्यावर शेवटी मश्रूमच्या टोपीचा सेवक भेटतो आणि राजकन्या दुसऱ्याच किल्ल्यात असल्याचे सांगून बोळवण करतो. आठव्या किल्ल्यात त्याच जागी राजकन्या उभी असते. ना सूर्यास्त, ना मिठी, ना वेगळे चित्र. अख्खा खेळ ४० किलोबाइटांत बसवलेला, तिथे चित्राला जागा कुठून आणणार? तरीही हा बदल जाणवतो, कारण त्यामागे सात वेळा झालेली फसवणूक आहे. कुणाला चित्र म्हणून तो पडदा दाखवला तर त्यात बघण्यासारखे काहीच नाही. नव्वदच्या दशकात आपल्याकडे नकली कन्सोलमध्ये ‘कॅसेट’ खुपसून मारिओ खेळलेल्यांना मात्र त्या सेवकाचे तुणतुणे नक्की आठवेल.

यावर सरळ आक्षेप असा, की ही मजबुरी आहे आणि मी तिला कलेचा मुलामा देतो आहे. एनईएसचा पडदा २५६ बाय २४० पिक्सेलचा, म्हणजे ८ बाय ८ च्या ९६० चौकटींचा. पण पार्श्वभूमीसाठी एका वेळी साधारणपणे २५६ च वेगळ्या चौकटी हाताशी असत, आणि रंगांचा संच निवडायचा तो १६ बाय १६ च्या ठोकळ्यासाठी एकच. काळे आकाश आणि पुन्हा पुन्हा येणाऱ्या टेकड्या या हिशेबातून आल्या, हे मान्यच. पण नुसत्या मजबुरीतून चांगला शेवट निघत असता तर त्या यंत्रावरचे सगळेच शेवट चांगले निघाले असते. ‘घोस्ट्स एन गॉब्लिन्स’ कॅपकॉमचा, ‘मेगा मॅन २’ (१९८८) हाही कॅपकॉमचाच आणि त्याच यंत्रावरचा. इथे खेळभर धावणारा, उड्या मारणारा, गोळ्या झाडणारा निळा पोरगा शेवटी नुसता चालतो. कोणी अंगावर येत नाही. पाऊस येतो, बर्फ पडतो, ऋतू सरकत जातात. अखेरीस गावाच्या वरच्या टेकडीवर त्याचे शिरस्त्राण तेवढे पडलेले दिसते. तो स्वतः नाही. लढाई संपली हे सांगायला एकही शब्द लागत नाही. जी आकृती खेळाडूने एक क्षण थांबू दिली नव्हती ती पडद्यावरून गायब होते, यातच त्या चित्राचे बळ आहे.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. ‘मेट्रॉइड’मध्ये (१९८६) खेळ जितक्या लवकर संपवावा तितके सॅमसचे चिलखत उतरत जाते, आणि आतला योद्धा स्त्री असल्याचे कळते. सवयीची गोष्ट बदलते, माझी कसोटी पुरी होते. मग हा शेवट उत्तम म्हणायचा का? शिरस्त्राण उतरते तिथपर्यंत, हो. त्यापुढे वेगाचे बक्षीस म्हणून बिकिनी येते तेव्हा तो बदल खेळातून आलेला राहत नाही. बक्षिसाच्या हिशेबापुढे पात्राचा विसर पडतो. ‘सॉनिक द हेजहॉग’मधला (१९९१) हिशेब मला अधिक प्रामाणिक वाटतो: सहाही रत्ने मिळवली असतील तर ग्रीन हिलवर फुले फुलतात, नाहीतर ती टेकडी फुलांवाचूनच राहते आणि न मिळालेली रत्ने खलनायक डॉक्टर रोबोटनिक हवेत झेलत बसतो.

‘निंजा गायडेन’ने (१९८८) मधूनमधून सिनेमासारखी दृश्ये पेरून वेगळी वाट काढली. ती दृश्ये सुरेखच आहेत, पण तिथे खेळाडू प्रेक्षक होतो. सीडी आल्यावर जागेची चणचण संपली आणि पुष्कळ खेळ त्याच वाटेने गेले. अलीकडच्या ‘शॉव्हेल नाइट’ने (२०१४) मात्र टप्प्यांच्या मध्ये वारंवार दिसणारी शेकोटीच शेवटी परत आणली, आता शेजारी नायकाची हरवलेली जोडीदार शील्ड नाइट हिला घेऊन. ‘सेलेस्ट’मध्ये (२०१८) वाटेत गोळा केलेल्या स्ट्रॉबेरींचा ‘पाय’ हा गोड पदार्थ शेवटी सगळ्यांना वाढला जातो. त्या स्ट्रॉबेरी मिळवल्याच पाहिजेत असे नाही, खेळ त्यांच्यावाचूनही पुरा होतो. पण ‘पाय’ कसा जमला आहे, हे किती वेचल्या त्यावर ठरते.