जुनी भिंत आणि नवा भार

मोहगाव, सौंसर आणि पांढुर्णा हा मुलूख राज्यकारभाराने मध्यप्रदेशचा, बोलीने मराठी आणि जमिनीने कपाशीचा आहे. पांढुर्णा हा २०२३ साली स्वतंत्र जिल्हा झाला; तोवर हा सारा भाग छिंदवाड्यात मोडत असे. कपाशीच्या मुलखात जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने असावयाचेच. विटांच्या जाड भिंती, चुन्याचा दर्जा, वर लाकडी वा लोखंडी कैच्या आणि पत्र्याचे किंवा कौलांचे छप्पर असा त्यांचा जुना घाट. अशा इमारती पाडू नयेत, त्यांत वाचनालये, नाट्यगृहे, बाजार भरवावेत, असा विचार आज सर्वत्र मांडला जातो. आम्हांस तो मान्य आहे. परंतु त्याचे गुणगान ज्या रीतीने होते, तिच्याविषयी आमची तक्रार आहे.

अशा नवसंस्करणाचे रसग्रहण करणारे लेखक उघड्या विटांचा रंग, उंच छपरातून उतरणारा उजेड आणि गतकाळाचा सुगंध यांवर पाने खर्च करतात. भिंत छपराला कशाने बांधली आहे, हा प्रश्न त्यांना सुचत नाही. वास्तूच्या समीक्षेत तो पहिला प्रश्न असावयास हवा. लंडनच्या बँकसाइड वीजकेंद्राचे २००० साली टेट मॉडर्न हे कलादालन झाले. त्याचा दाखला पुष्कळदा देण्यात येतो. पण तेथे आत पोलादी सांगाडा आहे आणि वीट हे त्याचे वस्त्र आहे. आमच्या जिनिंगमध्ये वीट हेच हाड आहे. वस्त्राचा न्याय हाडाला लावून चालत नाही.

'आमच्याकडे कुठला आलाय भूकंप?' असे विचारणाऱ्यांस आम्ही दोन तारखांची आठवण देऊ. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप झाला. तोपर्यंत लातूरचा तो भाग नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखविलेला होता. तरी मातीत रचलेल्या दगडी भिंतींखाली हजारो माणसे गाडली गेली. पुढे २२ मे १९९७ रोजी जबलपूर हादरले. सुमारे ४० माणसे दगावली आणि छिंदवाडा जिल्ह्यासही त्याची झळ पोचली. कोकण-गोव्यातील वाचकांनीही स्वस्थ बसू नये. २००२ च्या नकाशात गोवा आणि मुंबई तिसऱ्या पट्ट्यात आहेत, आणि ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा हादरा विसरण्याजोगा नव्हे.

आता संहितेकडे वळू. भूकंपबलाची भारतीय मानक संहिता, आय. एस. १८९३, प्रथम १९६२ साली निघाली. वाङ्मय म्हणून ती कोणी वाचत नाही. परंतु तिच्या २००२ च्या आवृत्तीत एक लहानसे कलम आहे, ते कोणत्याही नीतिग्रंथात शोभावे. इमारतीचा वापर बदलून ती अधिक महत्त्वाच्या वर्गात जात असेल, तर तिने त्या वर्गातील नव्या इमारतीचे नियम पाळले पाहिजेत, असे ते सांगते. साध्या गोदामाचा महत्त्व-गुणक १. शाळा, चित्रपटगृह, सभागृह यांचा १.५. म्हणजे ज्या भिंतीआड काल कापसाच्या गाठी होत्या, तिच्याआड उद्या प्रेक्षक बसले, की तीच भिंत दीडपट बलासाठी तपासावी लागते. भूकंप वाढलेला नसतो, भिंतही बदललेली नसते. बदलते ते आपले उत्तरदायित्व. गाठ दबली तर तोटा होतो, माणूस दबला तर त्याची भरपाई नाही.

हे कलम न्याय्य आहे, पण ते अपुरे आहे असे आमचे मत आहे. जुन्या काँक्रीटच्या इमारतींसाठी २०१३ ची आय. एस. १५९८८ ही संहिता उरलेल्या आयुष्याचा हिशेब धरून थोडी सवलत देते. विटांच्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी आय. एस. १३९३५ आहे. या तिघींचा मेळ घालणे मुंबईच्या निष्णात अभियंत्यास जमेल. लहान गावी ते कोणी करावे? संहितेची भाषा इंग्रजी, कचेरीची हिंदी आणि गवंड्याची मराठी. या तिन्हींमध्ये जो अर्थ गळून पडतो, त्यावर छप्पर उभे राहते. नव्या इमारतीचा पूर्ण नियम झेपत नाही म्हणून मालक एक तर इमारत पाडतो, नाही तर काहीच न करता रंग देऊन उद्घाटन उरकतो. दुसरा मार्ग अधिक घातक होय.

वास्तविक करावयाची कामे अद्भुत नाहीत. कैच्या भिंतीवर नुसत्या टेकलेल्या असतील तर त्या लोखंडी पट्ट्यांनी जखडाव्यात; छपराच्या पातळीस चारी भिंतींभोवती अखंड पट्टा फिरवावा; कोपरे सांधावेत; त्रिकोणी बाजूभिंत मोकळी ठेवू नये. इटलीत एमिलिया प्रांती मे २०१२ मध्ये अनेक कारखाने कोसळले, त्याचे मोठे कारण तुळया खांबांवर केवळ घर्षणाच्या भरवशावर विसावल्या होत्या हे होते. याउलट, दर्शनी खिडक्यांसाठी भिंतीस नवी भगदाडे पाडणे आणि पोटमाळे चढवून वजन वाढविणे, ही शोभेची कामे भिंतीचे बळ कमी करतात आणि भूकंपाचे बळ वाढवितात. त्यातून काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. म्हणून जुन्या भेगा गिलाव्याखाली लपविण्यापूर्वी पाया उघडून पाहिला पाहिजे.

ढाका शहराजवळचे राना प्लाझा २४ एप्रिल २०१३ रोजी पडले. दुकाने-कचेऱ्यांसाठी योजिलेल्या इमारतीत शिवणयंत्रे आणि जनित्रे चढविली होती. भेगा आदल्या दिवशी दिसल्या होत्या. ११०० हून अधिक कामगार मेले. तेथे भूकंप नव्हता, वापर मात्र बदलला होता.

म्हणून एखाद्या जुन्या जिनिंगचे नाट्यगृह झाल्याची वार्ता आली, तर आम्ही टाळ्या वाजवू. पण आत पाऊल टाकताना आधी मान वर करून कैचीचे टोक भिंतीशी कसे मिळते ते पाहू. तेथे लोखंडी पट्टी आणि तिचे बोल्ट दिसले, तर त्या वास्तूचे सौंदर्य आम्हांस अधिक वाटेल, उणे नव्हे.